ऐकणीस

सबंध वऱ्हाडात आमच्या मामंजींसारखा ऐकून घेणारा माणूस झाला नाही. मामंजी म्हणजे माझे सासरे. सून असून मी हे म्हणते, तेव्हा यात खुशामत नाही हे वाचकांनी धरून चालावं. खुशामत करायचीच असती तर मी सासूबाईंची केली असती, तिथे निदान साखरेच्या डब्याची किल्ली होती. मामंजींकडे काय होतं? दोन कान होते. पण काय ते कान! मोठे, पातळ, डोक्यापासून जरा फटकून उभे राहिलेले. पागोटं ते कपाळावर असं चढवून बांधत की कानाच्या पाळीलाही त्याचा स्पर्श होऊ नये. थंडीत आमचं सगळं रिसोड गाव कानांना उपरणं गुंडाळून शेकोटीपाशी बसलेलं असे आणि आमचे मामंजी मात्र उघड्या कानांनी, लालबुंद होऊन, ओट्यावर. रोज संध्याकाळी लसूण घालून कोमट केलेलं तिळाचं तेल त्या कानांत पडे. मामंजी आधी एका कुशीवर पडून राहत, मग दुसऱ्या. सासूबाई तेलाची पळी घेऊन उभ्या असत आणि त्यांचं तोंड चालू असे. "पोरायचे लाड केले नाही इतके कानाचे केले या माणसानं. बाप्पा, एखांद्या दिवशी कानायले पाळन्यात घालतीन!" हे नेमकं तेव्हाच म्हणायचं, कारण त्या घटकेला मामंजींचा खालचा कान उशीत आणि वरचा तेलात असे. दिवसभरात सासूबाईंना मनमोकळं बोलायला तेवढीच सवड होती.

मामंजी नोकरीत होते तेव्हा गावोगावच्या सहकारी सोसायट्यांचे हिशेब तपासत. मोटारी होत्या कुठे? बैलांची दमणी, तिच्यात गादी, पाण्याची सुरई, फराळाचा डबा आणि एक जाडजूड इंग्रजी कोश. आज किन्हीराजा, उद्या मानोरा, असा फिरता संसार. सुरुवातीला बाकीच्या तपासनिसांसारखेच तेही लाल शाईची दौत उघडून वह्यांवर ओणवे होत. पण एकदा मुक्कामात एका म्हाताऱ्या गोऱ्या साहेबानं त्यांना 'ऑडिट' या शब्दाची कुळी सांगितली आणि मामंजी बिघडले. 'बिघडले' हा शब्द सासूबाईंचा. साहेबानं सांगितलं ते असं की, हा शब्द मुळात इंग्रजांच्या घरचा नव्हेच, तो लॅटिनातून आलेला; आणि तिथे त्याचा अर्थ पाहणं नाही, तपासणं नाही, नुसतं ऐकणं. जुन्या काळी विलायतेतल्या जमीनदारांना लिहावाचायला येत नसे. वर्षाअखेर कारभारी पुढे उभा राहून हिशेब मोठ्यानं वाची, धनी ऐकत, आणि मग बरं की वाईट ते बोलत. त्या ऐकण्याचं नाव ऑडिट. पुढे चष्मे आले, लाल शाई आली, ऐकणं मागे पडलं आणि नाव तेवढं राहिलं. मामंजींनी कोश उघडून पाहिला, तर साहेब खरं बोलत होता. कोशात आणखीही होतं. पूर्वी कचेरीत एखाद्याचं म्हणणं ऐकून घेण्यालाही हाच शब्द वापरत, आणि शेवटच्या दिवशी माणसानं देवापुढे द्यायच्या जाबालाही हाच. त्या दिवशी मामंजींना जेवण गेलं नाही. "इतके वर्स मी नुसता पाहून राह्यलो," ते म्हणाले, "अन् पगार घेतला आयकण्याचा!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून लाल शाई बंद. सेक्रेटरीनं उभं राहून हिशेब वाचायचा, गावानं समोर बसायचं आणि मामंजींनी भिंतीला टेकून डोळे मिटायचे. एक कलम वाचून झालं की एकच शब्द, "आयकलं." मग पुढचं कलम. मध्ये कोणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, आणि उठायचं तर मुळीच नाही. 'तपासनीस' म्हटलेलंही त्यांना खपेनासं झालं. चिटणीस असतो, फडणीस असतो, मग ऐकणीस का नसावा, असा त्यांचा सवाल. नुसता सवाल करून थांबले असते तर ते मामंजी कसले! रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली आणि दारावर ठोकली. नावाखाली ठळक अक्षरांत 'ऐकणीस'. नवा पोस्टमन आला की हे आडनाव समजून शेजारीपाजारी चौकशी करत फिरे. सासूबाई म्हणत, "माह्या बापानं तपासनीस पाहून देल्लं होतं मले. ह्ये ऐकणीस कुठून निंघालं?"

पण गंमत म्हणून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नव्हती. मामंजींना आवाजात खरंच काहीतरी लागे. मानोऱ्याकडच्या एका गावी सेक्रेटरीनं सबंध वर्षाचा हिशेब असा घडाघडा वाचला की गाव माना डोलावू लागलं. मामंजींनी डोळे उघडले. "गड्या, तू अडखळला नाहीस," ते म्हणाले. सेक्रेटरी खूष. "खरा हिशेब वाचनारा मदी अडखळते. त्याले आठवते, का हे त्या दिवशीचं, हे त्या मानसाचं. तुही वाणी तं देवळातल्या आरतीवानी चालून राह्यली. हे तू पाठ केलं हाये." आणि खरंच, सगळा हिशेब मागल्या आठवड्यात बसून रचलेला निघाला. त्यामुळे मामंजींचं नाव चहूकडे झालं. मग किन्हीराजाला उलटंच घडलं. तिथला सेक्रेटरी बिचारा भला माणूस, पण वाचता वाचता त्याचा आवाज पातळ व्हायला लागला. "पुन्हा वाचा," मामंजी म्हणाले. आवाज आणखी पातळ. "पुन्हा." सेक्रेटरीला घाम फुटला, तो या पायावरून त्या पायावर होऊ लागला, गावात कुजबुज सुरू झाली. शेवटी त्यानं हात जोडले. "साहेब, हिसोब बराबर हाये. पन सकाऊनपासून उठू देल्लं नाही तुमी. मले बाहेर जाऊ द्या!" आणि धोतराचा सोगा सावरत तो जो पळाला, तो हिशेब अर्धा टाकून ओढ्याकडे. तो परत येईपर्यंत मामंजींनी डोळे मिटूनच ठेवले. आल्यावर त्याची क्षमा मागितली आणि पुढचं कलम घेतलं.

बाजारातही हेच. मामंजी कधी वस्तू पाहून घेत नसत. कलिंगड कानाशी धरत, मडकं वाजवत, तुरीची डाळ मुठीत घेऊन कानाजवळ खुळखुळवत आणि मान हलवून ठेवून देत. एकदा म्हैस घ्यायची होती, तर तिच्यापुढे पेंड टाकायला लावून हे गोठ्यात शेजारी उकिडवे बसून ती चावते कशी ते ऐकत बसले. विकणारा घाबरून गेला. त्याला वाटलं, म्हातारा म्हशीशी काहीतरी बोलून राहिला. म्हैस मात्र चांगली निघाली, हे कबूल केलं पाहिजे.

म्हशीनंतर माझा नंबर. मला पाहायला मामंजी आणि सासूबाई वाशीमला आमच्या घरी आले, तेव्हाची गोष्ट. मुलगी पाहायला आलेला माणूस मुलीला चालून दाखव म्हणतो, केस किती लांब ते बघतो. मामंजी पाटावर बसले आणि डोळे मिटले. माझे वडील चपापले. सासूबाई कोपरानं ढोसून राहिल्या, "अवो, पोरगी आली. पाहा ना!" मामंजी म्हणाले, "पाह्यची नाही. आयकायची हाये. पोरी, कायीबी वाच." घरात हाताशी काय असणार? पंचांग. मी मराठी चौथी पास, त्यातलं वर्षफळ वाचू लागले आणि 'धान्यमहर्घता' या शब्दाशी सपशेल आडवी झाले. दोनदा उठले, दोनदा पडले. दाराआड आईनं कपाळाला हात लावला. मामंजींनी डोळे उघडले, हसले आणि म्हणाले, "अडखळली. पसंत हाये." परतीच्या वाटेवर दमणीत सासूबाईंनी त्यांना भरपूर ऐकवलं म्हणे. पोरगी लंगडी आहे का, चकणी आहे का, काही म्हणून पाहिलं नाही! मी दोन्ही नव्हते, हे त्यांचं नशीब.

सासरी आले आणि पहिल्याच दिवाळीत मला त्या घरचा खरा सण कळला. पाडव्याला व्यापारी लोक वह्यांची पूजा करतात. आमच्या घरी सुनावणी होई. दिवेलागणीला बैठकीत सतरंजी अंथरायची आणि घरातल्या प्रत्येकानं आपल्या वर्षाचा हिशेब मोठ्यानं सांगायचा. पैशांचा नव्हे, पैशांत मामंजींना नोकरी सुटल्यापासून रस उरला नव्हता. वर्षभरात काय केलं, काय करायचं राहिलं, कोणाशी वाईट बोललो, आणि पुढल्या वर्षी काय पाहिजे. त्या दिवशी मामंजी सगळ्यांना 'तुमी' म्हणत, सासूबाईंनासुद्धा. प्रत्येक कलमाला "आयकलं", आणि शेवटी तीनदा विचारणा, "कोनाचा आक्षेप?" कोणी बोललं नाही की "मंजूर". एकदा मंजूर झालं की खुद्द मामंजींनाही ते फिरवता येत नसे. सासूबाईंनी अशीच एका पाडव्याला नथ मंजूर करून घेतली होती आणि मामंजी पुढे तीन महिने नुसते तिच्याकडे बघत राहिले होते. या सुनावणीला एक बाहेरचे गृहस्थ न चुकता येत, कल्हईवाले चाचा. भांड्यांना कल्हई लावता लावता जन्म गेल्यामुळे त्यांचा आवाज सबंध गल्लीला पुरे. तेही आपला हिशेब सांगत. "साहेब, आमाले कयामतच्या दिवशी हिसाब द्याच लागते. तिथं ततपप होऊ नये म्हनून तुमच्याकडे सराव करून घेतो," असं म्हणून चाचा वर्षभराच्या खोट्या शपथा, भावाशी धरलेला अबोला, सगळं खणखणीत आवाजात सांगून मोकळे होत. आमचे हे, म्हणजे मामंजींचे चिरंजीव, त्यांचा हिशेब मात्र दरवर्षी एकच. "ठीक चाललं." कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते बिचारे, भांडण नाही, तंटा नाही, मागणं नाही. मामंजी सुस्कारा टाकून म्हणत, "आयकलं."

नोकरी सुटली तरी मामंजींचं ऐकणं सुटलं नाही. खेड्यापाड्यांतले लोक आपली भांडणं घेऊन आमच्या ओट्यावर येत. बांधाचा वाद, भावाभावांची वाटणी, रुसून माहेरी गेलेली बायको. मामंजी दोन्ही बाजूंना पोट रिकामं होईतो बोलू देत, आणि सगळं बोलून झाल्यावर माणसं निम्मी तिथेच निवत. त्या ओट्यावर मामंजींचा जीव होता. कोणी आलं नाही तर ते दर थोड्या वेळानं दाराशी जाऊन रस्ता पाहत.

आणि मग एका दुपारी माझ्या हातून पाण्यानं भरलेली पितळेची घागर निसटली. फरशीवर असा दणका झाला की मांजर घराच्या धाब्यावर चढलं, शेजारची "काय झालं व?" म्हणून धावत आली, गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. मामंजी माझ्याकडे पाठ करून कोश वाचत बसले होते. त्यांनी शांतपणे पान उलटलं. मी जागच्या जागी उभी राहिले. पाणी वाहत त्यांच्या बसकराखाली गेलं तेव्हा ते वळले. लवंडलेली घागर पाहिली, मग माझं तोंड पाहिलं. काय समजायचं ते दोघंही समजलो. "सूनबाई," ते हळूच म्हणाले, "कोनाले सांगू नको." त्या दिवशी मला त्यांची इतकी कीव आली की मी पदर तोंडात धरून माजघरात जाऊन बसले. ऐकू न येणाऱ्या ऐकणिसाच्या ओट्यावर कोण येणार होतं?

मी कोणाला सांगितलं नाही. नुसतं गप्प बसले असंही नाही, कारण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. ओट्यावर कोणी आलं की मी खिडकीआड उभी राहून सगळं ऐके आणि पाणी देण्याच्या निमित्तानं चार ओळी लिहिलेली पाटी तांब्याआडून मामंजींपुढे सरकवून येई. आधी ते मधून मधून बोलत, "आवाज पातळ झाला" वगैरे म्हणत. आता नुसते माना डोलावत. त्यामुळे त्यांची कीर्ती उलट वाढली! लोक म्हणत, म्हातारा आता फार खोल ऐकून राहिला. पाडव्याच्या सुनावणीची तोडही मीच काढली. मी त्यांच्यासमोर उंबऱ्यापाशी अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसे. कलम संपलं की अडकित्ता खाली. मामंजी डोळ्यांच्या फटीतून तो पाहत आणि म्हणत, "आयकलं." काही गडबड वाटली तर अडकित्ता मी वर उचलून धरी आणि मामंजी म्हणत, "पुन्हा वाचा." पहिल्याच वर्षी ह्यांनी "ठीक चाललं" म्हटल्याबरोबर मी अडकित्ता उचलला. "पुन्हा वाचा." "ठीक चाललं." पुन्हा अडकित्ता. असं करता करता हे जिनिंगच्या मागे पत्ते कुटायला जातात ते भडाभडा बाहेर आलं. चाचा मांडीवर थापा मारून हसले. ह्यांना आजतागायत वाटतं की ते वडिलांनी आवाजावरून ओळखलं.

अशी दोन वर्षं गेली, आणि मग माझ्याच डोक्यात एक खूळ शिरलं. रिसोडातली मुलींची शाळा मास्तरीण मिळेना म्हणून बंद पडली होती. पोरी दिवसभर रस्त्यावर लगोऱ्या खेळत. शाळाखात्याची एक बाई घरोघरी फिरून गेली. कोणी बाई अमरावतीला ट्रेनिंगला जायला तयार असेल तर खर्च सरकारचा, परतल्यावर इथलीच शाळा तिच्या हाती, फक्त घरच्या वडीलधाऱ्यांची परवानगी हवी आणि दिवाळीनंतर लगेच कळवायला हवं. मला त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. भाकरी थापताना मी परातीतल्या पिठात बोटानं बाराखडी काढायची. लग्नाला पाच वर्षं झालेली, मूल नव्हतं, आणि सासूबाई उठताबसता ते मला विसरू देत नव्हत्या. त्या घरात जन्मभर मी फक्त जे झालं नाही त्याचीच धनी राहणार, याची मला भीती वाटायला लागली होती. सासूबाईंपुढे विषय काढला तर त्या म्हणाल्या, "घरची सून दुसऱ्यायच्या पोरी हाकाले जाईन? जीव गेला तरी नाही!" ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "माही ना नाही, पन आईले कोन समजावीन?" मग बराच विचार करून, जन्मात पहिल्यांदा, ह्यांनी डोकं लढवलं. "हे पाहा, पाडव्याले कुरड्या-पापडाच्या मदी घालून हळूच वाचून टाक. आईले झोप लागलेली राह्यते. बाबा मंजूर म्हनतीन, मंग कोनाची टाप हाये?"

ह्यांना ठाऊक नव्हतं, पण मला ठाऊक होतं की ही युक्ती ह्यांना वाटते त्याहून सोपी होती. मामंजींना काही ऐकूच येणार नव्हतं. मी अडकित्ता खाली ठेवला की ते "आयकलं" म्हणणार आणि शेवटी "मंजूर". अमरावतीची वाट माझ्याच हातात होती.

पाडवा आला. सतरंजी अंथरली, चाचांनी आपला सराव करून घेतला, ह्यांचं "ठीक चाललं" झालं, सासूबाई पुरणाच्या जेवणानं डुलक्या घेऊ लागल्या. मग मामंजी म्हणाले, "सूनबाई, तुमचा हिशेब." मी डोक्यावरचा पदर सारखा केला, अडकित्ता हातात, आवाज अगदी खाली. लिंबाचं लोणचं घातलं. अडकित्ता खाली. "आयकलं." कुरड्या केल्या. "आयकलं." पुढल्या वर्षी अमरावतीला ट्रेनिंगला जायचं आहे, परतून इथल्या शाळेत शिकवायचं आहे. एवढं पुटपुटले आणि मामंजींकडे पाहिलं. ते डोळ्यांच्या फटीतून अडकित्त्याकडे पाहत होते, इतक्या भरवशानं की मला लाज वाटली. ज्या माणसानं मला पाहिलं नाही, ऐकलं, त्याच्यापासूनच माझं सगळ्यांत मोठं मागणं लपवून मंजूर करून घ्यायचं? छे! माझा हात खाली जाईना. अडकित्ता तसाच मुठीत राहिला.

मामंजींनी डोळे सताड उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सूनबाई, हे कलम मले आयकू नाही आलं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकलेलं नव्हतं. ह्यांनी मान वर केली. चाचांच्या हातातला विडा हातातच राहिला. मामंजी भिंतीचा टेका सोडून उठले. सुनावणी चालू असताना उठायचं नाही हा त्यांचाच नियम! चालत उंबऱ्यापाशी आले, माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि हाताचा पंजा कानामागे धरून कान माझ्या तोंडापाशी आणला. "कायी दिवस झाले, मले कमी येते आयकू. आता सगळ्यायले माहीत झालं तं झालं. पन हे कलम मले बिन आयकता पास नाही करायचं. जोरानं बोल, पोरी."

सासऱ्यापुढे मोठ्यानं खोकायचीही चोरी असण्याचे ते दिवस, आणि मी सासऱ्याच्या कानात ओरडले. काय ओरडले! "मले मास्तरीन व्हायचं हाये! मले अमरावतीले जायचं हाये!" भिंतीतल्या देवळीतला दिवा हलला असेल. समोरच्या ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. सासूबाई दचकून जाग्या झाल्या. मामंजी सावकाश म्हणाले, "आयकलं. कोनाचा आक्षेप?"

"हाये! माहा हाये!" सासूबाई ओरडल्या. "सून अमरावतीले जाऊन राहीन अन् म्या इथं भाकरी थापू? लोक तोंडात शेन घालतीन!"

मामंजींनी त्यांच्याकडे वळून, फार सौम्यपणे विचारलं, "आक्षेप हाये का कोनाचा? आयकू नाही आलं."

"अवो, हाये म्हनते ना मी!"

"नाही वाटते." मामंजींनी चाचांकडे पाहिलं. चाचा पानाचा डबा उघडून त्यात तोंड घालून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. सासूबाई तणतणत उठल्या, दोन पावलं मामंजींकडे आल्या आणि थबकल्या. चार माणसांत नवऱ्याच्या कानाला तोंड लावायचं? जन्मात ज्यांनी नवऱ्याला नावानं हाक मारली नाही, त्या? त्या लाजेनं लाल झाल्या, पदर पुढे ओढला आणि होत्या तिथे जाऊन बसल्या. "तिसऱ्यांदा इचारतो, कोनाचा आक्षेप?" मामंजी म्हणाले. "नाही? मंजूर."

त्या मंजुरीची किंमत त्यांनी एकट्यानं भरली. दुसऱ्या दिवशी बाजारात बातमी झाली की ऐकणीस बहिरा आहे. किन्हीराजाची दोन माणसं वाद घेऊन आली होती, ती कोपऱ्यावरूनच परत गेली. मग कोणीच येईना. मला फार लागलं. माझी दमणी अमरावतीच्या वाटेला लागली त्या सकाळी मामंजी ओट्यावर एकटे बसले होते, थंडी असूनही कान उघडेच. मी पाया पडले आणि रडू लागले, तर म्हणाले, "जा. इकडचं मी पाह्यतो."

ट्रेनिंग करून मी परत आले. शाळा उघडली. सासूबाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि नंतर बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करताना "माही सून मास्तरीन हाये" हे दर दोन वाक्यांत सांगू लागल्या. मामंजींना आता त्या दिवसभर काहीही बोलू शकत होत्या, उशीची आणि तेलाची वाट पाहायचं कारण नव्हतं. पण त्यांची मजाच गेली. म्हणायच्या, "बोलून काय करू? आयकतं कोन?"

मामंजींच्या शेवटच्या पाडव्याला त्यांचे कान पार गेले होते. कानाशी ओरडलं तरी नुसता वारा लागे. सतरंजी मात्र त्यांनी हट्टानं अंथरायला लावली. बाकीचे थोडा वेळ बसून उठून गेले. मी राहिले. हातानं विचारलं, लिहून देऊ? त्यांनी मान हलवली. "तू सांग," म्हणाले, "मी बसतो." मग मी सांगू लागले. आधी शाळेचं, पोरींचं. मग सांगता सांगता भलतंच बोलू लागले. मूल झालं नाही त्याचं, माझी आई गेली तेव्हा मला वेळेवर पाठवलं नाही त्याचं, ह्यांच्यावरचा राग, स्वतःवरचा राग, जे ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं ते सगळं, अगदी हळू आवाजात. मामंजी डोळे उघडे ठेवून माझ्या तोंडाकडे पाहत होते. मध्ये हलले नाहीत, पाणी मागितलं नाही. मी रडले तेव्हा तेही रडले. पुढे मला चांगल्या कानांची पुष्कळ माणसं भेटली. पण तेवढं सगळं मी पुन्हा कोणाला सांगू शकले नाही.